अडचणीतून उमटलेला सूर

मैत्रिणींनो, ९ नोव्हेंबर १९६७ ची ही गोष्ट आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या ऑर्केस्ट्राचं ते १२५ वं वर्ष होतं. त्यानिमित्त जगातल्या नामवंत संगीतकारांकडून नवनव्या रचना करून घेतल्या होत्या आणि त्यातली एक त्या दिवशी पहिल्यांदा वाजणार होती. काळ्या कोटातल्या वादकांचा ताफा मागे, आणि पुढे दोन जपानी वादक. एकाच्या हाती बांबूची जाड बासरी. दुसऱ्याच्या मांडीशी नासपतीच्या आकाराचं, आखूड मानेचं एक तंतुवाद्य. हे दुसरे वादक म्हणजे आखूड कापलेले केस, पुरुषी थाटाचा जपानी पोशाख आणि करारी चेहरा. पाहणाऱ्याला वाटावं, हे कुणी प्रौढ गृहस्थच!

पण ते गृहस्थ नव्हते. ती एक बाई होती. नाव त्सुरुता किन्शी, वय ५६. दोन मुलांची आई, मोडलेल्या संसाराची, आणि मधली कितीतरी वर्षं हे वाद्य बाजूला ठेवलेली. जगाच्या संगीताच्या इतिहासात तिचं नाव गेलं ते त्या दिवशी. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी!

आपल्यात चाळिशी उलटली की 'आता काय राहिलंय आपलं' म्हणायची पद्धत आहे. म्हणून या त्सुरुताबाईंची गोष्ट सांगावीशी वाटली. मात्र ती गोडगोड नाही, हे आधीच सांगते.

सरस्वतीच्या हातातलं वाद्य

आधी त्या वाद्याची ओळख करून घेऊ. त्याचं नाव बिवा. तुम्ही म्हणाल, जपानी वाद्याशी आपला काय संबंध? पण संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. आपली सरस्वती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेली. तिथे तिला 'बेन्झाइतेन' म्हणतात. तिची देवळं बहुधा पाण्याकाठी किंवा बेटावर असतात. इथे तिच्या हाती वीणा, तिथे तिच्या हाती बिवा! जपानातल्या सर्वांत मोठ्या सरोवराचं नावही 'बिवा' आहे. त्याचा आकार या वाद्यासारखा आहे म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. त्या सरोवरातल्या चिकुबु नावाच्या बेटावर या जपानी सरस्वतीचं जुनं ठाणं आहे.

नारा या जुन्या राजधानीत शोसोइन नावाचं एक लाकडी भांडार आहे. तिथे आठव्या शतकातली पाच तारांची एक बिवा अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर शिंपल्यांच्या जडावाचं काम आहे आणि उंटावर बसून वाद्य वाजवणाऱ्या माणसाचं चित्र आहे. चार तारांची बिवा इराणकडून चीनमार्गे जपानात आली, आणि पाच तारांच्या जातीचं मूळ भारतात, असं जाणकार मानतात.

पुढे जपानात या वाद्यावर अंध भिक्षू गावोगाव कथा सांगू लागले. ११८५ साली दान्-नो-उरा इथे समुद्रात मोठी लढाई झाली आणि हेइके घराणं बुडालं. त्याची कथा ते बिवेवर गात. आपल्याकडे शाहीर डफावर पोवाडा म्हणतात, तसंच काहीसं. मग सोळाव्या शतकात दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतात सामुराई तरुणांना नीतीचे धडे द्यायला या वाद्याचा वापर सुरू झाला आणि 'सात्सुमा बिवा' जन्माला आली. तुतीच्या टणक लाकडाची आणि पंख्याएवढ्या मोठ्या लाकडी नखीने वाजवायची. ती नखी तारेवर नुसती फिरत नाही, तारेसकट वाद्याच्या अंगावर आपटते. तलवारीचा वार ऐकू यावा असा तो आवाज. थोडक्यात, हे वाद्य पुरुषांचं होतं.

'सावारी' म्हणजे काय?

आता एक गंमत ऐका. तंबोरा जुळवताना तुम्ही पाहिलं असेल. घोडी आणि तार यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी बसला की नुसता 'टणत्' वाजणारा सूर एकदम खुलतो, गुंजायला लागतो. याला आपण जवारी म्हणतो. मिरजेच्या कारागिरांचं नाव झालं ते या कामावरच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

बिवेतही तसाच गुंजारव असतो. तिचे पडदे उंच आणि माथ्यावर रुंद. तार छेडली की त्या रुंद माथ्याला निसटती घासते आणि झिणझिणते. याला जपानीत म्हणतात 'सावारी'. जवारी आणि सावारी ही नावं बहिणी-बहिणींसारखी वाटतात. पण शब्द वेगवेगळ्या घरचे आहेत, साम्य फक्त कानाला. वाजवून वाजवून पडद्याचा माथा झिजला की सावारी बिघडते. मग वादक स्वतः पटाशी घेऊन तो पडदा तासून पुन्हा नीट करतात. आठवा आपलं जातं किंवा पाटा-वरवंटा. गुळगुळीत झाला की वाटण होईना, मग टाकीवालीला हाक मारून त्याला टाकी लावून घ्यायची! खडबडीतपणा हा तिथे दोष नव्हेच, त्याशिवाय कामच होत नाही.

'सावारी' या शब्दाचे अर्थ बघा. एक अर्थ स्पर्श. दुसरा अर्थ अडथळा, अडचण. आणि या दुसऱ्या अर्थानेच जपानीत बायकांच्या मासिक पाळीलाही तो शब्द वापरत आले. वाचून चमकलात ना? आपल्या आज्या-आया 'अडचण आहे' म्हणायच्या, आणि 'शिवायचं नाही' म्हणायच्या. स्पर्श आणि अडचण हे दोन्ही शब्द आपल्याकडेही त्याच चार दिवसांना चिकटलेले. मराठी आणि जपानी या भाषांचं काही नातं नाही, पण बायकांच्या बाबतीत दोघींनी एकच वाट धरली म्हणायची.

फरक इतकाच, की बिवा घडवणाऱ्यांनी ही 'अडचण' बाजूला नाही बसवली. मुद्दाम वाद्याच्या आत बसवली. सूर सरळ, स्वच्छ निघू नये, त्याला वाटेत काहीतरी आडवं यावं, म्हणजे त्याला जिवंतपणा येईल. हे मनात ठेवा आणि आता त्सुरुताबाईंकडे वळू.

किकुए ते किन्शी

त्यांचं मूळ नाव किकुए. जन्म १५ ऑगस्ट १९११ चा, जपानच्या उत्तरेकडच्या थंडगार होक्काइदो बेटावरच्या एका खेड्यातला. थोरला भाऊ बिवा शिकलेला. त्याच्याकडून सातव्या वर्षी तिने पहिले धडे घेतले. हात असा बसला, की पोरीला पुढे शिकायला टोकियोला नेलं. तेव्हा जपानात बिवेची मोठी लाट होती. घरोघरी शौकीन, ठिकठिकाणी शिकवण्या, आणि मुलीबाळीही बिवा शिकू लागलेल्या. ही पोर अजून स्वतःच शिकण्याच्या वयाची, पण मोठमोठी माणसं तिच्याकडे शिकायला येऊ लागली. तिची कमाई घराला लागू लागली. घरच्या कर्तबगार मुलीचं काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. कौतुक होतं आणि ओझंही वाढतं.

मग लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि संसार मोडला. घटस्फोट झाला आणि मुलं तिच्याजवळ राहिली नाहीत. तिने बिवाही बाजूला ठेवली आणि चक्क धंद्यात उतरली. महायुद्धानंतरच्या टोकियोत तिने रात्रीचे क्लब चालवले. पैसा कमावला, माणसं सांभाळली. याच सगळ्या धबडग्यात तिने बायकी पोशाख टाकला तो कायमचा. केस कापले, पुरुषांचे कपडे घातले आणि पुरुषांसारखीच वागू-बोलू लागली.

इथे क्षणभर थांबू. तुमच्या मनात प्रश्न येणारच की मुलांना सोडणारी ही कसली आई? हा प्रश्न मला झाकून ठेवायचा नाही. तिच्या मुलांनी काय सोसलं असेल, ते तिच्या कुठल्याही मोठेपणाने भरून निघणारं नाही. पण त्याच वेळी हेही विचारून पाहा. त्या काळात घटस्फोटित बाईला, एकटीला, स्वतःच्या नावावर धंदा चालवायचा तर बाई म्हणून उभं राहायला जागा होती कुठे? पुरुष वादकाने संसार मोडला आणि कला केली तर त्याला आपण मनस्वी म्हणतो. बाईला मात्र पहिला प्रश्न मुलांचा. दोन्हीकडे एकच माप लावता येतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

युद्ध संपल्यावर बिवेचे दिवसही फिरले होते. युद्धाच्या, शौर्याच्या कथा सांगणारं हे वाद्य. हरलेल्या देशाला त्या कथा नकोशा झाल्या. शिष्य पांगले आणि लोक पाश्चात्त्य संगीताकडे वळले. आणि नेमक्या अशा पडत्या काळात, १९५० नंतरच्या दशकात, त्सुरुताबाई बिवेकडे परतल्या! वाद्याला भाव होता तेव्हा सोडलं, आणि कुणी विचारत नव्हतं तेव्हा पुन्हा हाती घेतलं. धंद्याने एक फायदा करून दिला होता. आता बिवेवर पोट भरायची गरज नव्हती. त्यामुळे कुणाला काय आवडेल याची फिकीर न करता त्यांना हवं तसं वाजवता येणार होतं.

त्यांनी वाद्यातही सुधारणा केली. जुन्या सात्सुमा बिवेला चार तारा आणि चार पडदे असत. त्सुरुताबाई पाच तारांची, पाच पडद्यांची बिवा वाजवू लागल्या. गाण्याच्या मागे साथीला वाजणारं वाद्य आता एकटं, स्वतःच्या बळावर बोलू लागलं. बिवेत बोट पडद्यावर ठेवत नाहीत, दोन पडद्यांच्या मध्ये तार दाबतात. जितकी जोरात दाबाल तितका सूर चढत जातो. सतारीवर तार ओढून मींड काढतात, तसं. या दाबण्यात आणि त्या मोठ्या नखीच्या फटक्यात त्यांचा हात असा काही तयार होता, की ऐकणारा दचकावा.

कान नसलेला होइची

याच सुमारास त्यांची गाठ तोरू ताकेमित्सु या तरुण संगीतकाराशी पडली. ताकेमित्सु १९३० साली जन्मलेले, म्हणजे त्यांच्याहून एकोणीस वर्षांनी लहान. संगीत बहुतेक स्वतःच शिकलेले. युद्धाच्या आठवणी इतक्या कडू, की जपानी संगीत नकोच म्हणून ते आधी पाश्चात्त्य संगीतातच रमले. पण पुढे आपल्याच मातीतल्या वाद्यांनी त्यांना ओढून घेतलं. बिवेची सावारी तर त्यांच्या विचारांचा मोठा विषय झाली.

मासाकी कोबायाशी यांच्या 'क्वाइदान' या चित्रपटाला ताकेमित्सुंनी संगीत दिलं आणि बिवा वाजवली त्सुरुताबाईंनी. १९६५ च्या कान महोत्सवात या चित्रपटाला खास पारितोषिक मिळालं. त्यातली एक कथा होइची नावाच्या अंध बिवावादकाची आहे. दान्-नो-उराच्या लढाईत बुडालेल्या हेइकेंची भुतं रात्री त्याला बोलावून नेतात आणि आपल्याच मरणाची कथा त्याच्याकडून ऐकतात. त्याला वाचवायला मठातले भिक्षू त्याच्या सर्वांगावर प्रज्ञापारमिता हृदयसूत्र लिहितात. पण कानांवर लिहायचं राहून जातं. भुताला कानच तेवढे दिसतात आणि ते कान उपटून नेतं! ही कथा पडद्यावर पाहताना जी बिवा अंगावर काटा आणते, ती त्सुरुताबाईंची.

१९६६ साली ताकेमित्सुंनी 'एक्लिप्स' म्हणजे 'ग्रहण' ही रचना केली. त्यात दोनच वाद्यं, बिवा आणि शाकुहाची नावाची बांबूची बासरी. ही दोन वाद्यं परंपरेने कधी एकत्र वाजत नसत. त्यांची घराणी वेगळी, रीत वेगळी. शाकुहाचीवर कात्सुया योकोयामा. त्यांचा जन्म १९३४ चा. पुढे या दोघांची जोडी वर्षानुवर्षं टिकली.

या रचनेचं ध्वनिमुद्रण सेइजी ओझावा या तरुण जपानी संचालकाने न्यूयॉर्कला लिओनार्ड बर्नस्टाइन यांना ऐकवलं. बर्नस्टाइन म्हणजे तेव्हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे सर्वेसर्वा. त्यातून कल्पना निघाली, की या दोन वाद्यांसाठी आणि ऑर्केस्ट्रासाठी मिळून काहीतरी लिहावं. तीच ही रचना, 'नोव्हेंबर स्टेप्स'.

ताटातली डावी-उजवी

तुम्हाला वाटेल, पूर्व-पश्चिम म्हटल्यावर छान मिलाफ केला असेल. आणि इथेच ताकेमित्सुंचं वेगळेपण आहे. त्यांनी मिलाफ केलाच नाही! त्यांचं म्हणणं, ही दोन संगीतं वेगळी आहेत, ती वेगळीच ऐकू यावीत. आपण ताट वाढतो तेव्हा चटणी आणि श्रीखंड कालवून एक करत नाही. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. तेव्हाच प्रत्येकाला चव येते. इथे तर ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं, हार्प आणि तालवाद्यंसुद्धा डावीकडे-उजवीकडे अशी दोन गटांत बसवली आहेत. जपानी वाद्यं आणि ऑर्केस्ट्रा बहुतेक वेळ आळीपाळीनेच बोलतात. शेवटाकडे तर अख्खा ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि फक्त बिवा आणि शाकुहाची, दोघंच, बराच वेळ वाजत राहतात. तिथे पाश्चात्त्य पद्धतीचं नोटेशन नाही, खुणा आहेत. त्या खुणांतून संगीत उभं करायचं ते वादकांनी.

रचनेच्या अकरा पायऱ्या आहेत. जपानी संगीतात अशा टप्प्यांना 'दान' म्हणजे पायरी म्हणतात. नोव्हेंबर अकरावा महिना, आणि पायऱ्याही अकरा.

विचार करा, केवढी जोखीम! मागे जगातला एक नामांकित ऑर्केस्ट्रा, पुढे एक बाई, आणि हातात पाच तारा. सूर गोड लावून टाळ्या घ्यायची सोय नाही. नखीचा फटका, तारेची झिणझिण, लाकडावरचा ठोका, आणि मग शांतता. जपानी संगीतात या शांततेला सुराइतकंच महत्त्व आहे. ती सांभाळायला छप्पन्न वर्षांचं आयुष्य पाठीशी असलेलं बरंच, नाही का?

रचना गाजली. ओझावा तेव्हा टोरांटोच्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख होते. त्याच वर्षी तिथे हिचं ध्वनिमुद्रण झालं. मग देशोदेशींच्या ऑर्केस्ट्रांकडून बोलावणी येत गेली आणि त्सुरुताबाई आणि योकोयामा जगभर हिंडले. ताकेमित्सुंनी १९७३ मध्ये या दोघांच्या वाद्यांसाठी आणि ऑर्केस्ट्रासाठी 'ऑटम' लिहिलं, आणि त्याच वर्षी तीन बिवांसाठी 'व्हॉयेज'. १९८९ मध्ये ओझावांच्याच हाताखाली, साइतो किनेन ऑर्केस्ट्राबरोबर 'नोव्हेंबर स्टेप्स' पुन्हा ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा त्सुरुताबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. त्या वयातही हाताचा फटका तोच!

मागे काय उरलं?

४ एप्रिल १९९५ ला त्सुरुताबाई गेल्या. पाठोपाठ १९९६ मध्ये ताकेमित्सु, २०१० मध्ये योकोयामा आणि २०२४ मध्ये ओझावाही गेले. न्यूयॉर्कच्या त्या दिवसाचे चौघंही आता नाहीत. पण रचना वाजते आहे. कारण त्सुरुताबाईंनी शिष्य तयार केले. युकिओ तानाका, काकुजो नाकामुरा, जुन्को उएदा अशी कितीतरी. आज 'त्सुरुता घराणं' म्हणून त्यांची वेगळी परंपरा मानतात. जुनं दान्-नो-उरा गाणारे आणि नवं ताकेमित्सु वाजवणारे हात तेच. नव्यासाठी जुनं टाकावं लागत नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

२०११ साली, त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, जपानीत त्यांचं चरित्र निघालं. त्याचं नाव काय ठेवलंय, ओळखा पाहू? 'सावारी'!

हे संगीत ऐकावंसं वाटलं तर आता काही अवघड नाही. मोबाइलवर नाव घातलं की सापडतं. पण एक करा. आधी बिवेवरचं दान्-नो-उरा ऐका, म्हणजे कान सरावतील. मग 'एक्लिप्स', आणि शेवटी 'नोव्हेंबर स्टेप्स'. ते साधारण वीस मिनिटांचं आहे. आणि कृपा करून स्वयंपाक करता करता ऐकू नका. कुकरच्या शिट्टीत ती मधली शांतता कुठल्या कुठे जाईल. दुपारी सगळी कामं आवरली, घर रिकामं झालं, की दार लोटून बसा. पहिल्यांदा 'हे काय संगीत झालं?' असं वाटेल. वाटू द्या. तंबोऱ्याची जवारी ज्या कानाला कळते, त्याला सावारी ओळखायला फार वेळ लागायचा नाही.

आणि हो, कुणाकुणाच्या घरी लग्नाआधीची पेटी कपाटावर असेल, कुणाची सतार गवसणीत असेल. 'आता बोटं वळतील का' या प्रश्नाला त्सुरुताबाईंनी दिलेलं उत्तर आपण वाचलंच. निदान एकदा गवसणी काढून धूळ तरी झटकू या.